ठकुबाईची बांधणी

ठकुबाई नसरापूरला आनंदरावांच्या वखारीत आली ती फाटकी पोती शिवायला. वय तिशीच्या थोडं पुढं, डावा पाय चार बोटं आखूड, कपाळाला भलं मोठं कुंकू. कुणाशी बोलायची नाही. वखारीच्या दारात एका बाजूला बसून दाभणानं टाके घालायची आणि समोर हमाल मोटार भरत असले की हात थांबवून तिकडं बघत राहायची. हमालांना वाटायचं, डोंगरातली धनगराची बाई, तिनं मोटार कधी जवळून पाहिली नसेल.

ती मोटार बघत नव्हती. ती ओझं बघत होती.

ठकुबाईचं सासर वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगरउतारावरच्या सात घरांच्या वस्तीत. नवऱ्याची, म्हादूची, दोनशे मेंढरं होती. डोंगरातला पाऊस मेंढरांना सोसत नाही, खूर कुजतात. म्हणून वैशाख सरता सरता सगळं बिऱ्हाड खाली उतरायचं आणि नसरापूर, कामथडी, कापूरहोळ करत पुरंदराच्या कोरड्या माळांकडं जायचं. दिवाळी झाली की त्याच वाटेनं परत वर. पुरुष मेंढरांच्या मागं, आणि घोडीवर बिऱ्हाड लादायचं काम बायकांचं. घोंगड्या, भांडी, जातं, पिठाची गाठोडी, चालून थकलेली कोकरं, वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, हे सगळं एका घोडीच्या पाठीवर बसवायचं आणि ते दिवसभर ढळता कामा नये. ठकुबाई नवव्या वर्षापासून घोडी लादत होती. दोन्ही बाजूंचा भार ती हातानं उचलूनच ओळखायची. सासू तिला बाकी कशावरूनही बोलली, पण बांधणीवरून कधी बोलली नाही.

सन छत्तीसच्या वैशाखात खाली उतरताना रात्री वळवाची सर येऊन गेली होती. सकाळी ठकुबाईनं घोडी लादली, आणि ती कोकरं गोळा करायला गेली तेवढ्यात तिच्या दिरानं मागं राहिलेली भिजकी वाघूर उचलून एका अंगाला वर टाकली. कोरडी वाघूर एक बाई उचलते. भिजली की तिला दोन माणसं लागतात. गुंजवणीच्या काठच्या उतारावर घोडीचा पाय निसटला, ओझं त्या अंगाला फिरलं आणि घोडी ठकुबाईच्या पायावर पडली. घोडी उठली. ठकुबाईला उठता आलं नाही.

नसरापुरात सखूबाई म्हणून एक एकटी म्हातारी होती. हाड बसवण्यात तिचा हात चालायचा. तिच्या खोपटात ठकुबाईला ठेवून बिऱ्हाड पुढं गेलं. दिवाळीनंतर परत येताना घेऊन जातो, म्हादू म्हणाला. दिवाळी झाली, मेंढरं परत आली, तेव्हा ठकुबाई काठी धरून विहिरीपर्यंत जात होती, एवढंच. म्हादू दोन दिवस राहिला आणि अजून एक साल राहा म्हणून गेला. पुढच्या सालात सखूबाई वारली. खोपट ठकुबाईकडं राहिलं. त्या दिवाळीला म्हादू एकटाच दारात आला, उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिला आणि बराच वेळ पागोटं सारखं करत होता.

"बिऱ्हाडाला बाई लागती," तो म्हणाला. "म्या काय करू?"

दुसरी आणली हे ठकुबाईला आधीच कळलं होतं. मूल नव्हतं, पाय गेला होता. तिला नवल वाटलं नाही. तिनं फक्त विचारलं, घोडी कोण लादतं.

"ती लादती. कमळा."

"तिला येतं का?"

म्हादूनं पुन्हा पागोट्याला हात लावला. तो गेला. त्यानंतर वर्षातून दोनदा मेंढरांच्या घंटा रस्त्यावर वाजायच्या, तेव्हा ठकुबाई वखारीच्या आत जाऊन शिवण घेऊन बसायची आणि घंटा पार लांब जाईपर्यंत बाहेर यायची नाही.

आनंदरावांची मालाची मोटार एकच होती. मागं लाकडी फळ्यांचा उघडा हौदा, शेवटाला खाली पडणारा फाळका. भोरकडचा तांदूळ, हिरडा, लोणारी कोळसा पुण्याला जायचा आणि येताना मीठ, लोखंड, रॉकेलचे डबे यायचे. चालक गेनू, उत्रोलीचा. गडी चांगला होता, पण मोटार भरणं हे हमालांचं काम असं तो मानायचा, आणि हमाल हाताला येईल तसं भरायचे. फाळक्याजवळ उभं राहून पोतं ठेवणं सोपं, म्हणून जड माल नेहमी मागं साचायचा. कधी वळणावर पोती सांडायची, कधी डबे फुटायचे. कात्रजचा घाट चढताना हातातलं चाक हलकं होतं, गाडी वळवू तिकडं वळत नाही, अशी गेनूची तक्रार होती. यंत्रातच खोड आहे असं तो म्हणायचा.

एके दिवशी हिरड्याची पोती खाली आणि लोखंडी पहारींचे भारे वर, मागच्या कडेला, अशी मोटार भरून झाली. गेनू निघायच्या तयारीत होता. ठकुबाई काठी टेकत मोटारीला एक फेरा घालून आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"मागं बसलीया. पुढचे पाय उचलंल," ती म्हणाली.

गेनूला आधी कळेना ही कुणाच्या पायांविषयी बोलते. हमाल हसले. आनंदराव आतून बाहेर आले, त्यांनी काय ते विचारलं. ठकुबाईनं मग मागच्या चाकांवरचे पोलादी पाटे दाखवले. ते दाबून सपाट झाले होते, आणि पुढचे तसेच कमानीसारखे वर होते. घोडीच्या पुठ्ठ्यावर ओझं गेलं की तिची पुढची टाप जमिनीवर नीट पडत नाही, हेही तसंच, असं तिनं सांगितलं. एवढं लांब बोलणं वखारीत कुणी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आनंदराव हिशेबी माणूस, पण हट्टी नव्हते. त्यांनी मोटार रिकामी करायला लावली.

पहारी तळाला गेल्या, चालकाच्या बैठकीला टेकून, दोन्ही बाजूंना सारख्या. मागच्या चाकांच्या मागं तिनं फक्त हलकी पोती जाऊ दिली. पोत्यांची तोंडं आतल्या बाजूला घेतली, वरचं पोतं खालच्या दोघांच्या सांध्यावर बसवलं. मग दोर. हमाल एकच लांब दोर सगळ्यावरून फिरवायचे; तो एका जागी सुटला की सगळंच सुटायचं. तिनं चार वेगळे दोर आडवे घेतले, दोन तिरके, आणि प्रत्येकाची गाठ वेगळी मारली. अर्ध्या कोसावर गाडी थांबवून दोर पुन्हा ओढून घ्या, माल बसला की दोर ढिला पडतो, असं तिनं गेनूला बजावलं.

गेनू संध्याकाळी परत आला तेव्हा त्यानं ठकुबाईला काही सांगितलं नाही. आनंदरावांना मात्र म्हणाला की इथून पुढं मोटार त्या बाईनंच भरावी.

तेव्हापासून दाभण सुटलं. आनंदरावांच्या मोटारीचं एक पोतं ढळलं असं पुढं कुणी म्हटलं नाही. हमालांनी सुरुवातीला कुरकुर केली, मग सवय झाली. ती ओरडायची नाही. पोतं चुकीच्या जागी पडलं तर त्याच्यावर काठी टेकवून नुसती उभी राहायची. तो हमाल येऊन ते हलवीपर्यंत हलायची नाही. ओला माल ती वर कधी घेऊ द्यायची नाही. आणि मालावर माणूस बसू द्यायची नाही. त्या काळी भरल्या मोटारीवर आठ-दहा माणसं बसून बाजाराला जायची, गेनूला त्याचे चार पैसे सुटायचे. ठकुबाईनं ते बंद केलं. यावरून गावात तिच्याविषयी वाईट बोललं जायचं. लंगडीला नवऱ्यानं टाकलं, म्हणून ती लोकांवर सूड घेते, इथवर बोलणं गेलं. तिच्या कानावर ते येतच होतं. ती खोपटात एकटी भाकरी थापायची, एकटी खायची, आणि दिवस उजाडला की सगळ्यांच्या आधी मोटारीपाशी हजर असायची.

पुढं लढाई सुरू झाली आणि पेट्रोल मिळेना. आनंदरावांनी मोटारीला कोळशाच्या धुरावर चालणारी भट्टी बसवून घेतली. उजव्या बाजूला, हौद्याच्या कोपऱ्याला, माणसाएवढी लोखंडी टाकी लटकली. गाडीचं बळ कमी झालं, खेपा कमी झाल्या, आणि प्रत्येक खेपेला माल जास्त भरावा लागायचा. ठकुबाईनं पहिल्याच दिवशी ओळखलं की आता रिकामी गाडीसुद्धा उजवीकडं कलते. तिनं डाव्या अंगाचा भार वाढवला. टाकीत किती कोळसा भरलाय हे विचारून मगच ती माल लावू लागली. आता वाटेत माल कसा बसतो ते बघायला ती खेपेलाही जाऊ लागली. पुढं गेनूच्या शेजारी, खिडकीकडच्या कडेला बसायची. पुण्यापर्यंत दोघांत चार वाक्यं होत असतील. लोक काय म्हणतात हे गेनूनं एकदा चाचरत काढलं, तेव्हा ती म्हणाली की लोकांना म्हणू दे, तू समोर बघ.

त्रेचाळीस साली वेल्ह्याला भाताची गिरणी घालायचं ठरलं. गिरणीवाल्यांनी पुण्याहून जुनं तेलाचं इंजिन घेतलं; सगळं मिळून तीस मण. त्याची लोखंडी बैठक एकटीच अठरा मणांची, आणि एक जाड दगडी जात्यासारखं फिरतं चाक. नसरापूरपासून वेल्ह्यापर्यंतचा रस्ता म्हणजे बैलगाड्यांच्या चाकोऱ्या आणि ओढे. इंजिन नसरापूरला वखारीत येऊन पडलं होतं; तिथून पुढं न्यायला दोन मोटारवाल्यांनी नाही म्हटलं होतं. आनंदरावांनी ठकुबाईला विचारलं. ती इंजिनाभोवती दोन फेऱ्या घालून आली, हात लावून पाहिला, म्हणाली, जाईल.

इंजिन वखारीतच मोटारीत चढवायचं होतं. जाड वाशांचा उतार करून दहा माणसांनी ते ओढत हौद्यात घेतलं. तिथं अडचण आली. हौद्याच्या तळाला पत्रा मारलेला होता, बैठकीचं बूडही घासून गुळगुळीत झालेलं. लोखंडावर लोखंड राहत नाही. दोर कितीही ओढले तरी उतारावर ते आतल्या आत सरकणार. पोती अंथरून पाहिली, तीही घसरली. ठकुबाई कुणाला काही न सांगता खोपटाकडं गेली आणि आपली घोंगडी घेऊन आली. सासरहून तिच्याजवळ राहिलेली ती एकच वस्तू होती. मेंढरं घरची, लोकर तिनंच कातलेली. सुरीनं तिचे चार तुकडे करून तिनं ते बैठकीच्या चारी कोपऱ्यांखाली दुमडून घातले. आनंदराव म्हणाले, बाई, मी बाजारातून दुसरी आणतो. ती म्हणाली, दुसरीला एवढी पकड नसती.

गिरणीवाल्यांचा कारभारी घाईला आला होता. फिरतं चाक उभं ठेवा, म्हणजे शेजारी तेलाची पिंपं आणि सहा माणसं मावतील, असं त्याचं म्हणणं. ठकुबाईनं चाक आडवं निजवलं, बैठकीच्या पुढं, आणि त्याच्या भोकातून साखळी घेऊन हौद्याच्या दोन्ही कड्यांना ताणून बांधली. पिंपं दुसऱ्या खेपेला, माणसांनी चालत यावं. कारभारी चिडला. नवऱ्यानं का टाकलं ते दिसतंय, असं तो सगळ्यांदेखत बोलला. ठकुबाई साखळीच्या कडीत खुंटी ठोकत होती. तिनं मान वर केली नाही. गेनूच पुढं झाला आणि त्याला म्हणाला की तुम्ही चालत येणार असाल तर मी गाडी काढतो, नाहीतर इंजिन इथंच राहू द्या.

मार्गासनीपर्यंत सगळं नीट झालं. तिथून पुढं एका ओढ्याकडं रस्ता एकदम उतरतो. मोटार त्या उतारावर अर्ध्यात असताना खालच्या झाडीतून एक म्हैस निघून चाकोरीत येऊन उभी राहिली. गेनूनं सगळं अंग टाकून ब्रेक दाबला. मोटार घसरत, दगड उडवत खाली गेली आणि म्हशीपासून हातभर अंतरावर थांबली. मागून एकदाच कडाडून आवाज झाला. तो दोराचा होता. एक तिरका दोर तुटला होता.

गेनू उतरला. त्यानं मागं जाऊन पाहिलं. बैठक जिथल्या तिथं होती. घोंगडीचे तुकडे पत्र्याला चिकटल्यासारखे बसले होते, साखळी ताठ होती. इंजिन आणि चालकाची जागा यांच्या मधे फक्त एक फळी होती, आणि उतारावर त्या फळीच्या अलीकडं त्याची स्वतःची पाठ होती. तो बराच वेळ हौद्याच्या काठावर हात ठेवून उभा राहिला. ठकुबाई तोवर खाली उतरून तुटलेल्या दोराची टोकं बघत होती. दोर मधल्या पेडात उंदरानं कुरतडला होता, आणि बांधताना तिच्या नजरेतून ते सुटलं होतं. तिनं गेनूला ते दाखवलं.

"ह्ये माजं चुकलं," ती म्हणाली.

दुसरा दोर काढून तिनं बांधला आणि दोघं पुढं निघाले.

गिरणी उभी राहिली त्या दिवशी वेल्ह्यात नारळ फुटले, इंजिनाला हार घातला. म्हादूच्या वस्तीवरचीही माणसं खाली आली होती. ठकुबाई मोटारीच्या आडोशाला बसून होती. तिला कुणी बोलावलं नाही, आणि तिनंही कुणाला तोंड दाखवलं नाही. वरच्या डोंगराच्या उतारावर तिचं घर तिथून दिसत होतं. परतीच्या वाटेवर गेनूनं गूळ-खोबऱ्याची पुडी तिच्या मांडीवर ठेवली. तिनं ती तशीच धरून ठेवली, नसरापूर येईपर्यंत.

पंचेचाळीसच्या वैशाखात उत्रोलीचा तांदूळ भरून मोटार पुण्याकडं निघाली होती. कामथडीच्या अलीकडं समोरून सगळा रस्ता भरून मेंढरं आली. गेनूनं मोटार थांबवली. या वेळेला आत जाऊन बसायला वखार नव्हती. ठकुबाई खिडकीतून बघत राहिली. म्हादू पुढं मेंढरांबरोबर निघून गेला. त्याचं लक्ष नव्हतं. सगळ्यात मागून घोडी आली. तिची जुनी घोडी नव्हे, दुसरी, तरणी. ओझं डाव्या अंगाला लोंबत होतं, खोगीर फिरलं होतं आणि घोडीच्या खांद्याशी कातडं सोलून लाल झालं होतं. दोर धरून एक बाई चालत होती, कडेवर वर्षाचं पोर. कमळा असणार हे ओळखायला काही लागलं नाही.

ठकुबाई दार उघडून उतरली. काठी टेकत घोडीपाशी गेली, घोडीच्या कपाळावर हात ठेवून तिला थांबवलं आणि काही न विचारता गाठी सोडायला लागली. कमळा आधी गांगरली. मग तिची नजर ठकुबाईच्या पायाकडं गेली, आणि तिनं घोडीचा दोर ढिला सोडला.

सगळं ओझं रस्त्याच्या कडेला उतरलं. ठकुबाईनं सोललेल्या जागेवरून खोगीर मागं घेतलं, खाली धडूत दुमडून घातलं, जातं एका बाजूला तर भांडी आणि पीठ दुसऱ्या बाजूला, वाघूर मधोमध. प्रत्येक वेळी दोन्ही हातांनी उचलून पाहिलं. गेनूनं मोटारीचं यंत्र बंद केलं. घाई कर असं तो म्हणाला नाही.

"आदी हातानं जोकायचं," ठकुबाई म्हणाली. "घोडीला बोलता येत न्हाई."

शेवटची गाठ तिनं तीनदा सोडून तीनदा मारली. चौथ्या वेळी दोर कमळाच्या हातात दिला. कमळानं पोर खाली ठेवलं आणि गाठ मारली. चुकली, पुन्हा मारली. पोर ठकुबाईच्या लुगड्याला धरून उभं राहिलं होतं. ठकुबाईनं त्याला हात लावला नाही, पण पायही हलवला नाही.

"आक्का," कमळा म्हणाली, "चला की संगट. हळूहळू जाऊ. घोडीवर बसा."

"तिला वझं हाय," ठकुबाई म्हणाली.

मेंढरं लांब गेली होती. पुढून म्हादूची हाळी आली. कमळा पोराला उचलून निघाली, दोनदा वळून पाहिलं. म्हादूही एका वळणावर थांबलेला दिसला. तो तिथूनच बघत होता. मागं आला नाही.

पण त्या दिवाळीला परतताना कमळा कामथडीला थांबली. मोटार कधी येते ते तिनं रस्त्यावरच्या माणसांना विचारून ठेवलं होतं. तिथून पुढं दर सालाला दोनदा, वैशाखात आणि दिवाळीनंतर, ती घोडी घेऊन रस्त्याच्या कडेला थांबायची आणि ठकुबाई उतरून बांधणी तपासायची. इथं ओढ, हे खाली घे, एवढंच बोलणं व्हायचं. पोर मोठं होत होतं. ठकुबाई त्या दोन दिवसांची वाट बघायची हे गेनूला कळायचं; त्या सुमाराला ती नवं कुंकू लावून मोटारीत बसायची.

एकोणपन्नासच्या दिवाळीनंतर मोटार कामथडीला पोचली तेव्हा कमळा उभी होती. ठकुबाई उतरली. खोगीर पाहिलं, घोडीच्या पाठीवरून हात फिरवला. कातडं धड होतं, कुठं सोललेलं नव्हतं. डावा भार उचलला, उजवा उचलला. गाठीत बोट घालून ओढून पाहिलं. पुन्हा पहिल्या बाजूला गेली आणि पुन्हा सगळं तपासलं. दुरुस्त करायला काहीच नव्हतं.

"बरं हाय का, आक्का?" कमळानं विचारलं.

"लई चांगलं हाय."

कमळा हसली. एवढ्या सालात ठकुबाईनं तिला चांगलं म्हटलं ते पहिल्यांदाच. ती पोराला हाक मारून घोडी हाकत निघाली. ठकुबाई रस्त्याच्या कडेला उभी होती. बिऱ्हाड नसरापूरच्या बाजूला लहान लहान होत गेलं, आणि घोडीवरचं ओझं एकदाही डगमगलं नाही. गेनूनं थोडा वेळ वाट पाहिली, मग खाली उतरून तिच्यासाठी दार उघडून धरलं.